पांतेलेयबाबाचं आठवं मरण

त्या हिवाळ्यात पांतेलेयबाबा सात वेळा मेला होता आणि सातही वेळा उठून बसला होता. दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली. रविवारी सकाळी अर्धं सोस्नोव्का गाव झऱ्याजवळच्या वळणावर, बाबाच्या प्रार्थनाघरापुढे जमलं, तेव्हा थंडी उणे पंचवीस होती आणि तरी कुणी जागचं हलत नव्हतं. आज बाबा गाडीशिवाय मरून दाखवणार होता.

प्रार्थनाघरासमोरच्या फरच्या झाडावर किल्ल्या लटकत होत्या. ज्यांच्या गाडीखाली बाबा मेला, त्या ड्रायव्हरांच्या. चाळीस दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा नेम होता. मधल्या काळात सरपण, पीठ, अर्धं डुक्कर, जे जमेल ते बाबाच्या चरणी आणायचं. झाडाखाली एक टोपली होती. तिच्यात गाड्यांच्या काचेवरून उपटलेले कॅमेरे पडले होते.

"देवाने डोळे किती दिले? दोन," बाबा सांगत होता. "तुम्ही काचेवर तिसरा चिकटवलात. का? देवाला दिसत नाही म्हणून? त्या काळ्या डोळ्यात जो बसलाय ना, तोच माणसं ओढून आणतो तुमच्या चाकाखाली. मी वर गेलो तर ही रांग. मला म्हणाले, पांतेलेय, तुझा नंबर आलेला नाही, खाली जा आणि तो ड्रायव्हर वाचव."

म्हणजे वरही सोस्नोव्काच्या पोस्टासारखीच रांग असते आणि तिथेही नंबर न येताच परत पाठवतात. पण हसलं कुणी नाही.

गर्दीत राइसा उभी होती. एका खिशात मिनीबसची किल्ली, दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेला कॅमेरा. बाबाचं सातवं मरण तिच्या नावावर होतं. ती सारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि ते थंडीमुळे नव्हतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती गावातल्या मूत्रपिंडाच्या रोग्यांना नव्वद किलोमीटरवरच्या रुग्णालयात डायलिसिसला नेई. बाबा मेला गुरुवारी. शुक्रवारी स्टिअरिंगला हात लावायची तिची हिंमत झाली नाही आणि खेप हुकली. रुग्णालयाची गाडी बर्फात निम्म्या वाटेवरून परत गेली, आणि गावात ज्यांच्याकडे त्या रस्त्याला टिकेल अशी गाडी होती, त्यांच्या किल्ल्या झाडावर होत्या. उद्याची खेपही हुकली तर त्या रोग्यांमधली फाइनामावशी बुधवार बघेल की नाही, हे राइसाला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात मागे उभ्या मिनीबसचा हॉर्न वाजला. लांबलचक वाजला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

आत फाइनामावशीच बसली होती. तीस वर्षं या गावाच्या दवाखान्यात तिनेच सुया टोचल्या आणि टाके घातले. आता पाय सुजलेले, चेहरा पिवळा, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. सकाळी राइसा किल्ली द्यायला निघाली, तेव्हा ती हट्टाने गाडीत येऊन बसली होती.

"ये इकडे," मावशी म्हणाली. "तो कॅमेरा टोपलीत टाकण्याआधी बघितलास का तू?"

"नाही."

"का?"

"माणूस मारलाय मी, मावशी. ते परत कशाला बघू?"

"मारलास म्हणतेस. कसा मारलास ते सांग."

राइसाने हातमोजे काढले, परत घातले. तीन दिवस जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. "बर्चच्या झाडाआडून काहीतरी हललं. मी ब्रेक दाबला. आणि डोळे मिटले. बावीस वर्षं गाडी चालवतेय, आणि डोळे मिटले मी. मग धप्प आवाज आला. उघडले तर तो चाकापुढे पडलेला. बाबाची ती चेली, ग्लाफिरा, प्रार्थनाघरातून धावत आली, म्हणाली नाडी बघ. मी बघितली. नव्हती."

"कुठे बघितलीस?"

"मनगटावर. दुसरीकडे कुठे बघतात?"

"मानेवर बघतात, बाई. लाव तो कॅमेरा."

"मावशी, त्यात खरंच मी..."

"तर तेही कळू दे. मला उद्या रुग्णालयात जायचंय. तुझ्या शंकेपायी मी मरणार नाही."

राइसाने कॅमेऱ्याची वायर गाडीच्या सिगारेट-लायटरच्या खाचेत घातली. हा कॅमेरा तिने दोन वर्षांपूर्वी घेतला तो दुसऱ्यांच्या भीतीने. कुणी मुद्दाम येऊन धडकेल, पोलीस भलतंच लिहितील, म्हणून. स्वतःच्याच विरुद्ध तो साक्ष देईल, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. तळहाताएवढा पडदा उजळला. गुरुवार, दुपारचे चार वाजून अकरा मिनिटं.

रस्ता आला. वळण आलं. झाडाआड बाबा उभा होता. त्याने गाडीकडे नीट निरखून पाहिलं, कोटात हात घालून डाव्या काखेत काहीतरी दाबलं, आणि रस्त्यावर आला. चित्र हादरलं आणि स्थिर झालं. कोपऱ्यात वेगाचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला. बाबा आणि बॉनेट यांच्यात अजून हातभर अंतर होतं. मग बाबा एक पाऊल पुढे आला, बॉनेटवर त्याने उजवी मूठ आपटली, कोटाची टोकं अंगाखाली व्यवस्थित घेतली आणि आडवा झाला.

राइसाने ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा ती रडायला लागली. संताप नंतर आला. आधी आला तो सुटकेचा हुंदका. ती थांबली होती. डोळे मिटले तरी पाय चुकला नव्हता. आणि कॅमेऱ्याने डोळे मिटले नव्हते.

"काखेत काय दाबलं त्याने?" तिने विचारलं.

"फौजेत जायचं टाळायला पोरं माझ्यापुढे हाच खेळ करायची," मावशी म्हणाली. "काखेत गच्च गोळा दाबला की हाताकडे जाणारं रक्त अडतं. मनगटाची नाडी बंद. आत हृदय मजेत चालू. कुझ्माला बोलाव, आणि मला हात दे."

कुझ्मा लाकडाचा ट्रक चालवायचा. बाबाचं चौथं मरण त्याचं, आणि अर्धं डुक्करही त्याचंच. त्याने पडदा पाहिला आणि टोपी मागे सारली. "माझ्या वेळी पण धप्प झालं होतं," एवढंच म्हणाला.

तोवर बाबा बाकावर आडवा होऊन मेला होता. बायका एकेक करून त्याचं डावं मनगट चाचपत होत्या आणि छातीवर क्रूसाची खूण करत मागे सरत होत्या. मावशी दोघांच्या आधाराने पुढे आली.

"आजारी माणसाने शिवू नये," ग्लाफिरा आडवी आली.

"मेलेल्याला काय संसर्ग होणार आहे, ग्लाफिरा? सर." मावशीने मनगट धरलं. "नाही बाई, इथे काही नाही." मग मानेवर दोन बोटं ठेवली. "आणि इथे तर घोडा दौडतोय. चर्चच्या आजीबाईंनो, या, तुम्हीही बघा."

दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांनी मानेवर बोटं ठेवून बघितलं, एकमेकींकडे पाहिलं.

"बाबा, जरा दोन्ही हात वर करा," मावशी म्हणाली. "स्वर्गाकडेच करा, दुसरीकडे नको."

मेलेला माणूस हात वर करत नाही, हे बाबालाही माहीत होतं. म्हणून कुझ्माने त्याचा डावा हात वर केला. कोटातून लहान मुलांचा लाल रबरी चेंडू पडला आणि बर्फावरून घरंगळत झाडाखालच्या टोपलीला लागला.

"माझं डुक्कर," कुझ्मा हळूच म्हणाला.

बाबा उठला. आठव्यांदा. या वेळी कुणी क्रूसाची खूण केली नाही. वरच्या परीक्षेबद्दल तो काहीतरी सांगू लागला, पण लोक झाडाकडे वळले होते. किल्ल्या निघत होत्या, टोपली उपसली जात होती. एका कॅमेऱ्यात तिसरं मरण निघालं, एकात सहावं. बाबाने पुरावे गोळा केले होते, पण ते आपण होऊन बघायला कुणी धजणार नाही यावर त्याचा इतका भरवसा होता की पुसायचेही कष्ट त्याने घेतले नव्हते.

दोष त्या भरवशाचाही नाही. सहा धडधाकट माणसांनी आपल्याच हातातला पुरावा न बघता टोपलीत टाकला होता. घाबरलेला माणूस डोळे मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे काय घडलं ते सांगायला कुणीतरी तयारच असतं. तेव्हा गाडीत देवाच्या प्रतिमा असतील तर असू द्या, पण काचेवर कॅमेराही लावा. आणि लावलात तर बघायची हिंमत ठेवा. नाडी सापडली नाही तर मानेवर बोटं ठेवा. चमत्कार खरा असेल तर तपासल्याने तो बिघडणार नाही.

सोमवारी पहाटे निघण्याआधी राइसा आणि मावशी रिवाजाप्रमाणे मिनिटभर गप्प बसल्या. मग राइसाने गाडी सुरू केली. काचेवर तीन प्रतिमांशेजारी कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा लागला. वळणाजवळ तिचा पाय ब्रेकवर गेला.

"डोळे उघडे आहेत ना?" मावशीने विचारलं.

"आहेत."

"मग चल. उशीर होतोय."