एकोणीस कार्डं गिळलेला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. सांगलीत घडलो आणि चकल्या पोटात घेऊन लखनौच्या चारबाग स्टेशनावर उतरलो. चकल्या संपल्यावर उल्काताईंनी मला प्रयोगशाळेत नेलं.

मित्रांनो, ताई उंदरांच्या मेंदूचा अभ्यास करत. आठवण मेंदूत कुठे राहते, यावर १९७६ साली त्यांचा लेख छापून आला. परदेशातल्या ज्या शास्त्रज्ञाला तो वाचायचा असे, तो कार्ड धाडी : कृपया एक प्रत पाठवा. प्राग, ओसाका, हवाना... सगळी कार्डं माझ्या पोटात.

"उल्काजी का डिब्बा तो पूरी दुनिया घूम आया!" असं प्रयोगशाळेचे साहेब म्हणत. मी फुगून जाई.

१९८२ साली बढतीची मुलाखत ठरली. लेख कुठवर पोचला, याला पुरावा हीच कार्डं. वहीत नोंद एकशे सातची, हाती लागली अठ्ठ्याऐंशी. सर्वांत जुनी एकोणीस गायब!

माझा संशय थेट जयसिंगवर. प्रयोगशाळेतला हा मदतनीस; लेकीसाठी कार्डांवरची परदेशी तिकिटं त्यानेच मागितली होती ना? ताईंच्याही मनात तेच.

"जयसिंग, खरं सांग. तिकिटांसाठी कार्डं नेलीस?"

"मॅडम, आपने मना किया था. उसके बाद हमने हाथ नहीं लगाया."

"मग काय पाय फुटले त्यांना?"

त्यानंतर तो टेबल पुसायला आला, तरी मी झाकण आवळून बसे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ताईंनी मला रिकामा करून पुसायला घेतलं, आणि माझा तळ हलला. तो तळ नव्हताच! प्रयोगशाळेतल्या फ्रीजवर राहून मला ओल लागली होती. एकोणीस कार्डं गंजात चिकटून तपकिरी पाटी झाली होती. चोर मीच.

मेंदूचे पातळ काप उचलायच्या ब्रशने, पाणी लावत, ताईंनी ती सोडवली. अकरा वाचता आली. त्या दिवशी त्यांचा सोमवारचा उपास होता. पाण्याचा घोटही न घेता त्यांनी आधी जयसिंगला बोलावलं.

"चुकलं रे माझं."

"कोई बात नहीं, मॅडम."

बढती मिळाली. मित्रांनो, आम्हा डब्यांना कोरडं ठेवा. आणि काही हरवलं, तर माणसाला विचारण्याआधी आमचा तळ खरवडून बघा. कारण पुढची कितीतरी वर्षं, मला पुसायची वेळ आली की जयसिंग फडकं हातात घेऊन दारातच थांबे.

"मॅडम, आप सामने खड़ी रहिए," म्हणे, "फिर खोलूँगा."