कोंडाजींचा जिना

कोंडाजी आंबी गावचे, सिनेमाचे सेट बांधणारे. मूकपटांच्या काळात राजवाडे कापडावर रंगवत, आणि वारा सुटला की अख्खा राजवाडा हुडहुडी भरल्यासारखा हलायचा. कोंडाजींनी लाकूड, गोणपाट आणि प्लास्टरचे राजवाडे उभे केले. मग त्यांचं बघून सगळ्यांनीच केले. त्यांचा एक जिना तर इतका गाजला, की लोणावळ्याच्या एका रिसॉर्टनं यंदा तो जुन्या आराखड्यावरून, मापात जराही फरक न करता, लग्नाच्या हॉलमध्ये बांधून काढला. पहिलं लग्न कोंडाजींच्या खापरपणतीचं, चैतालीचं.

तिची आजी नंदाबाई, म्हणजे कोंडाजींची नात, पहिल्या रांगेत मिरवत बसली होती. सकाळपर्यंत रंग ओला, म्हणून जिन्यावर अजून कुणी पाय ठेवला नव्हता. नवरी वरच्या गॅलरीतून येऊन जिना उतरणार, असं ठरलं होतं.

वरचं दार उघडलं. चैताली कमरेत वाकून बाहेर आली. उभी राहिली तेव्हा चौकट तिच्या खांद्याला लागत होती आणि कठडा गुडघ्याला.

नंदाबाई ताडकन उठली. तिची आई सरुबाई त्या जिन्यावर राणी झाली होती, सहा वर्षांची पोर. जिना आभाळाला टेकल्यासारखा दिसावा म्हणून कोंडाजींनी वरची प्रत्येक पायरी लहान करत नेली, शेवटच्या तर चार बोटं रुंद, आणि मोठी बाई वाटावी म्हणून पोरीला शालू नेसवून वर उभं केलं. ती जिना उतरलीच नाही. बापानं मागच्या शिडीवरून खांद्यावर घेऊन खाली आणली. घरात ही गोष्ट इतक्यांदा हसत ऐकलेली, की त्यात कुणाचा जीव जाईल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बांधणाऱ्यांनाही ती कलाकारीच वाटली.

सनई लागली. लग्नाचा थाट बघणाऱ्या गौरवनं धूर सोडला आणि पायऱ्या दिसेनाशा झाल्या. नंदाबाईनं हात हलवत त्याला थांब म्हणून ओरडून सांगितलं, पण सनईत ते ऐकूच गेलं नाही. त्याला वाटलं, आजी खुशीत आहेत. त्यानं आणखी धूर सोडला.

चैतालीनं पाऊल टाकलं आणि ती झोकांडली.

नंदाबाई धावली. खालच्या पायऱ्या ऐसपैस होत्या, ती चाचपत चढत गेली. बाळंतपणातही तिला इतकी भीती वाटली नव्हती. अर्ध्यावर पाय ठेवायला जागाच मिळेना.

"चैताली, खाली बस. बसूनच सरक."

"आजी, सगळे बघतायत गं."

"बघू दे त्यास्नी. तू बस."

चैताली बसली. भरजरी शालूत, एकेक पायरी बूड टेकत, ती खाली येऊ लागली. कठड्याला धरू नको म्हणेपर्यंत तिचा हात लागला, आणि कठड्याचा तुकडा खाली फरशीवर जाऊन फुटला. नंदाबाईनं पुढं झेपावून नातीचं मनगट पकडलं.

दोघी खाली आल्या. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली. भटजींनी मनगट सोडायला सांगितलं, मामानं सांगितलं, नंदाबाईला स्वतःलाही सोडायचं होतं. पण तिची बोटं उघडेनात. शेवटी चैतालीनं नवऱ्याला एकाच हातानं हार घातला.