मंदी उठेपर्यंत थांबलेलं लग्न

मुंबईत मंदी आलीय ही बातमी आमच्या थळ गावात पहिल्यांदा मी आणली. त्याचा मला केवढा तोरा!

स्वराज्याला पाच वर्षं होत आली होती. अलिबागच्या एका शेटकडे मी दर साल सुका बोंबील घालायची आणि शेट तो मुंबईला पाठवायचा. त्या साली होळीच्या आधी गेले तर शेट भर दुपारी गादीवर आडवा. म्हणाला, "नीराबाई, हमणां मंदी छे. मुंबईत माल उठत नाही. अर्ध्या भावात देणार असाल तर ठेवा."

अर्ध्या भावात! माझा बोंबील! मी म्हटलं, "शेट, त्यापेक्षा मी त्याला परत समुद्रात सोडीन." पाटी उचलली आणि घरी आले. बाया बोंबील वाळत घालत होत्या तिथं उभी राहून सांगितलं, "मंदी आलीय. पण होळीनंतर उठेल." मला कोण सांगायला आलं होतं? कोणी न्हाय. शाळेची दुसरी यत्ता मी पाहिली ती दारातून. पण माझा आवाज मोठा, आणि मोठ्या आवाजात सांगितलेलं मला स्वतःलाच आधी पटतं.

माळ्यावर करंड्या भरून बोंबील होता. तेवढ्यावर भागलं असतं. पण माझ्या धाकट्या पोराचा, कान्ह्याचा, साखरपुडा झाला होता, नवगावच्या कोकिळाशी. तिची आई सगुणा डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव सुकी मासळी विकणारी. आम्ही शेटला माल घालणारे, दारोदार न हिंडणारे. तेव्हा साखरपुड्यातच मी चारचौघांत बोलून बसले होते, "दोन्ही गावं जेवतील. तीन दिवस आमची चूल विझणार न्हाय." मासळी घरची, ती कितीही घाला. पण कोळ्याच्या होडीत भात पिकत न्हाय. तो बोंबलाच्या पैशांतून यायचा. म्हणून मी सगुणेला निरोप धाडला, मंदी उठली की लग्न.

होळी झाली. मंदी उठली न्हाय. मी म्हटलं, पाडव्याला उठेल. पाडवा झाला.

मग मी दिसेल त्याला विचारायला लागले. गिरणीतून रजेवर आलेल्या शिवदासला विचारलं. तो म्हणाला, "काकी, मलाच रजा दिलीय का काढून टाकलंय ते म्हायती न्हाय." तलाठ्याला विचारलं. तो म्हणाला, सरकार विचार करतंय. शेवटी देवळात गेले आणि भागोजी गुरवाला कौल लावायला सांगितला. देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होय, डावी पडली की न्हाय. विचारलं, पावसाच्या आत मंदी उठेल का?

डावी पडली.

मी म्हटलं, "भागोजी, देवाला नीट ऐकू आलं न्हाय. पुन्हा लाव."

पुन्हा डावी. मी म्हटलं, डावीकडं पाणी जास्त लावलंस तू. तिसऱ्यांदा उजवी पडली तशी मी नारळ फोडला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत घरी आले, देवानं कौल दिला. भागोजी मागनं म्हणाला होता, "नीराबाय, देव दमला म्हणून पडली असंल." ते मी कोणाला सांगितलं न्हाय.

आठवड्यानं सगुणा दारात. पाटी उतरवली न्हाय, पाणी घेतलं न्हाय.

"विहीणबाई, मंदीला उठायला मुहूर्त गवसला का न्हाय अजून?"

"उठेल, उठेल. देवाचा कौल हाय."

"माझ्या पोरीचा मामा पनवेलीकडचा एक मुलगा बघून आलाय. पाऊस लागायच्या आत तुमच्याकडं अक्षता पडल्या तर ठीक. न्हायतर माझी पोर तिकडं."

कान्हा पडवीत जाळं विणत होता. त्यानं मान वर केली न्हाय, पण त्याचे हात थांबले. तो पोरगा माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. मी दोन शब्द हाणले असते आणि मोकळी झाले असते. तो दोन दिवस नुसता जेवला न्हाय.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी घरात खाली ठेवलेल्या एका करंडीतला बोंबील पाटीत भरला आणि घरात सांगितलं, अलिबागला कोर्टात काम हाय. माझं कोर्टात काय काम, हे कोणी विचारलं न्हाय. एस.टी. पकडून पोयनाडच्या बाजूला उतरले. तिकडची शेतकरी माणसं सुक्या मासळीच्या बदल्यात भात देतात, हे लहानपणी आईच्या पाठीमागं हिंडून ठाऊक होतं. तोंडावर पदर ओढला. कोळणीचं लुगडं आणि डोक्यावर बोंबील, पदरानं काय लपणार होतं देव जाणे! पण मी ओढला.

पहिल्याच खळ्यावर गेले तर तिथं बायांचा हा घोळका. सगळ्या थळच्या. पहिली दिसली शेजारची गोदू. रोज माझ्यासमोर मान हलवून म्हणायची, "व्हय गं, मंदी लई वंगाळ." पुढ्यात तिची पाटी, बाजूला भाताचं पोतं. आणि गोदूच्या पलीकडं माझी थोरली सून जनी, जी दर बुधवारी माहेरी जाते म्हणून जायची.

"आय, तू?"

"माझं राहू दे. हे कोणतं गं तुझं माहेर?"

जनी काही लाजली न्हाय. म्हणाली, "होळीपासनं येते. माळ्यावरच्या मागच्या करंड्या रिकाम्या हायत. पुढच्या दोन भरून ठेवल्या, तुला खालनं दिसाव्या म्हणून."

माझे गुडघे शिडी चढत न्हायत, हे तिला बरोबर ठाऊक. आणि एवढे दिवस घरात भात शिजत होता, तो कुठून येतो हे मी एकदा विचारलं असेल तर शपथ!

"मला सांगितलं का न्हाय?"

"तू मंदीची वाट बघत बसली होतीस. तुला उठवायचं कोणी?"

बाया हसल्या. गोदू तर पाटीवर कपाळ टेकून हसली.

"आणि ही वाट तुला दाखवली कोणी?"

"सगुणामावशीनं."

मी तोंडावरचा पदर मागं टाकला आणि पाटी खाली ठेवली.

खळ्याची मालकीण सोनाबाई माझा बोंबील दाबून बघत होती. "म्हातारे, मऊ पडलाय तुझा माल. किती दिवस धरून बसली होतीस?" मी तोंड उघडणार तेवढ्यात जनी मध्ये पडली. "सोनाकाकी, सासू हाय माझी. पहिलीच खेप हाय तिची, सांभाळून घे." पहिलीच खेप! माझे केस पांढरे झाले मासळीत. पण सोनाबाईनं माप जरा वर चढवून घातलं, तेव्हा गप्प बसले.

मग जनीला बाजूला घेऊन विचारलं, "लग्नापुरता भात हाय का?"

"गोदूच्या पडवीत हाय. दोन गावांना न्हाय पुरणार. एका गावाला एक दिवस पोटभर."

तीन दिवसांची चूल, दोन गावं, वाजंत्री, सगळं मनातल्या मनात एकेक करून खाली ठेवलं. कान्ह्याचे थांबलेले हात आठवले. म्हटलं, "अक्षय तृतीयेला बार उडवायचा. सगुणेला निरोप दे."

"मावशी तेच म्हणत होती."

"ती काय म्हणते ते मला सांगू नको. तारीख मी ठरवलीय, असाच निरोप दे."

"बरं, आय," म्हणत जनीनं आपल्या भाताचा अर्धा भार माझ्या पाटीत ओतला आणि पाटी माझ्या डोक्यावर चढवली. वजन होतं, बाई! मान आत गेली. पण मी पाठ ताठ ठेवून एस.टी.ची वाट धरली. सगळ्या बघत होत्या.