कोऱ्या जागेवरची रेघ

मी बोलतोय, शाईचा पॅड. पत्र्याची चपटी डबी, आत जांभळ्या शाईत भिजलेलं कापड, एवढाच माझा संसार. लोक मला अंगठा लावतात आणि लगेच तो कुठे पुसायचा ते शोधतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

बारा वर्षं मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. आमचे साहेब कामाला वाघ. रांग लांबली की ते कोऱ्या फॉर्मवरच अंगठे घेऊन ठेवायचे आणि मजकूर संध्याकाळी निवांत भरायचे. त्यात कुणालाच वावगं वाटत नसे. मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

एकदा इस्त्रीवाल्या आजी भाच्याला जामीन राहायला आल्या. अंगठा माझ्यावर टेकवून अडखळल्या. "साहेब, यात काहीच लिहिलेलं नाही."

"मी आहे ना, आजी. लावा."

भाच्याने ऐनवेळी रक्कम वाढवून मागितली. साहेबांनी आजींना न विचारता ती त्याच कोऱ्या जागेत भरली. वर्षाच्या आत भाच्याने काखा वर केल्या आणि आजींची राहती खोली गेली. साहेबांचं जेवणावरचं मन उडालं. त्यांनी नोकरी सोडली आणि निघताना ड्रॉवरमधून फक्त मला उचललं.

आता त्यांना सगळे सर म्हणतात. वाचनालयामागच्या खोलीत आठवड्यातून दोनदा ते लोकांना कागद वाचायला शिकवतात. व्याज कसं वाढतं, जामीन म्हणजे काय, कोऱ्या जागेवर आडवी रेघ का मारायची. मी टेबलावर मधोमध, झाकण बंद. कागद स्वतः मोठ्याने वाचल्याशिवाय ते उघडायचं नाही. पण अंगठा लावा किंवा लावू नका, हे सर कधीच सांगत नाहीत. एकदा दुसऱ्याच्या वतीने ठरवून बसले होते, ते त्यांना जन्माचं पुरलं.

परवा वर्ग चालू असताना शिवणकाम करणाऱ्या ताईंचे दीर कागद घेऊन आत आले. नवरा गेल्यापासून ताईंना एका गाळ्याचाच आधार आहे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक.

"वहिनी, माझ्या कर्जाला साक्षीदार म्हणून तुमचा अंगठा हवाय. बँक बंद व्हायच्या आत पोचायचंय." त्यांनी स्वतःच माझं झाकण उघडलं.

ताईंनी सवयीने अंगठा माझ्यावर टेकवला.

"सर, लावू का?"

सरांना घाम फुटला होता. "वाचा," एवढंच म्हणाले.

"अहो, त्यात वाचायचं काय? मी आहे ना, वहिनी."

तेच शब्द. सरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

ताई कागदावर वाकल्या. "जा... मी... न... दार. भाऊजी, हे साक्षीदार नाही." त्यांचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "तारण... गाळा नंबर सात. रक्कम..." पुढे काहीच नव्हतं.

"ते नंतर भरतील."

ताईंनी जांभळा अंगठा तसाच अधांतरी धरला, दुसऱ्या हाताने पेन घेतलं आणि रकमेच्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. जरा वाकडीच आली. "हं. आता लावते."

दिरांनी कागद ओढून घेतला. "घरी या, मग बघतो," म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

ताई मटकन खाली बसल्या. "आता घरात कोण बोलणार माझ्याशी?"

सरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि माझं झाकण लावलं. दोन वेळा प्रयत्न केला, तेव्हा कुठे ते बसलं.

वर्षभरात सरांनी माझ्यात शाई घातलेली नाही. कडा वाळल्यात, मधला भागही फार दिवस टिकणार नाही. मला वाळू द्या, माझी काही तक्रार नाही. फक्त कधी तिकडे गेलात, तर सात नंबरच्या गाळ्यात एखादा कपडा शिवायला टाका. आणि थोडा वेळ थांबून ताईंशी बोला.