पायमोज्यातला डबा

आम्लाच्या बादलीतून बिअरचा जुना डबा बाहेर काढला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. नॉर्बर्ट क्लाफ्केने तो नळाखाली धरला, दात घासायच्या जुन्या ब्रशाने हलकेच पुसला आणि तळघरातल्या दिव्याखाली नेऊन चहूबाजूंनी फिरवून पाहिला. गंज गेला होता. गंजाबरोबर लाल रंगही गेला होता. सोनेरी अक्षरांच्या जागी पिवळट डाग उरले होते, आणि बाकीचा पत्रा कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा करडा पडला होता.

मोरीच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. कोमट पाणी एक बादली, ऑक्झॅलिक आम्ल दोन मोठे चमचे, दर अर्ध्या तासाने तपासणी, चार तासांवर कधीही नाही. तो नियम नॉर्बर्टनेच लिहिला होता. कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षे मोजमापाच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या आणि त्याआधी तांत्रिक महाविद्यालयात दोन वर्षे घासून आलेल्या माणसाचा तो नियम होता. तो त्याने स्वतः एकदाही मोडला नव्हता. ह्या खेपेला डबा एकोणीस तास आम्लात पडून होता. आदल्या दिवशी साडेतीनला त्याने तो बुडवला, चारला पहिली तपासणी केली, आणि चार वाजून दहा मिनिटांनी वर न्हाणीघरात त्याची बायको आर्डिस पडली.

त्यानंतर रुग्णवाहिका, क्ष-किरण, खुब्याचे हाड मोडल्याचे निदान, आणि खुर्चीत बसून काढलेली रात्र. सकाळी तिला शस्त्रक्रियेला नेले तेव्हा तिचा चष्मा आणायला तो घरी आला होता. तळघराचा दिवा जळत राहिलेला दिसला, म्हणून खाली उतरला, एवढेच.

तो डबा एकट्या नॉर्बर्टचा असता तर त्याने उसासा टाकून संग्रहाच्या वहीतले त्याचे टिपण खोडले असते. पण डबा निम्मा डेल्मर प्रोक्नोचा होता.

डेल्मर आयुष्यभर गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करणारा टँकर चालवत असे, त्यामुळे जिल्ह्यातल्या कुठल्या शेताच्या मागे जुना उकिरडा आहे, हे त्याला तोंडपाठ होते. नॉर्बर्टला बिअरचे फार कळत होते असे नाही. चवीचे दोनच प्रकार तो ओळखी, गार आणि कोमट. परंतु डबे, बिल्ले, गुत्त्यातल्या टेबलांवरचे ग्लासाखालचे पुठ्ठे ह्यांचा नाद दोघांनाही सारखाच होता. आर्डिस सोबत येई, पुठ्ठे पर्समध्ये घालून आणी आणि मागे शिसपेन्सिलीने तारीख आणि काय खाल्ले ते लिहून ठेवी. बत्तीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी, बंद पडलेल्या चीज कारखान्याच्या मागे उकरताना डेल्मरचा बटाटे काढायचा काटा कशावर तरी ठणकन आपटला. निघाला तो हेसलर ब्रुअरीचा, शंकूसारख्या निमुळत्या तोंडाचा डबा. हेसलर ही त्यांच्याच लिंडनबुश गावातली ब्रुअरी; दोघांचेही बाप तिथे कामाला होते, आणि ती बंद होऊन तेव्हाच पस्तीस वर्षे झाली होती. डब्याच्या खांद्याला, शंकू जिथे सुरू होतो तिथे, काट्याने अंगठ्याएवढा पोचा पाडला होता.

"आंधळ्यासारखा काटा मारलास," नॉर्बर्ट तेव्हा म्हणाला होता, आणि पुढे दरवर्षी म्हणत राहिला.

कारण डबा वर्षभर एकाकडे, वर्षभर दुसऱ्याकडे राहील असे ठरले. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी, लोरीनच्या गुत्त्यात, मासे खायला बसण्यापूर्वी, शिकारीच्या जाड लोकरी पायमोज्यात घातलेला तो डबा टेबलावरून ह्या हातातून त्या हातात जाई. नियम एकच होता: त्याला एकट्याने काही करायचे नाही, घासणे, पुसणे, रंग टिकवणे, जे काही ते दोघांनी मिळून.

तीन वर्षांपूर्वी डेल्मरच्या डोळ्यांची मधली नजर गेली. कडेकडेचे दिसे, समोरचे दिसेनासे झाले. त्या वर्षापासून नॉर्बर्टने ते आंधळ्याचे वाक्य उच्चारले नाही. गेल्या ऑक्टोबरात डबा हाती देण्यापूर्वी डेल्मरने तो खिडकीपाशी नेला, मान तिरकी करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "आता नुसतं तांबडं दिसतं. पुढच्या वर्षी तेही दिसतंय की नाही, कोण जाणे."

त्या तांबड्यावर गंजाची जाळी चढत होती. ती काढली तर रंग उजळेल, डेल्मरला आणखी एक वर्ष दिसेल, असा हिशेब करून नॉर्बर्टने एकट्याने नियम मोडला होता.

सांगून टाकणे हा सरळ मार्ग होता. पण सांगायचे म्हणजे एकोणीस तास का, हे सांगावे लागले असते, आणि त्याचे उत्तर एकच होते. आर्डिस आता नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात चालायच्या चौकटीला धरून रोज अकरा पावले टाकत होती, आणि आपल्यामुळे सगळ्यांना त्रास, हे दिवसातून अकरा वेळा म्हणत होती. तिच्या पडण्याच्या नावावर आणखी एक नुकसान मांडायला नॉर्बर्टची जीभ रेटत नव्हती. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असा तो तिच्याकडे जाई. मधल्या वेळात कपडे धुई, फोन करी आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेई. इतका थकला होता की दुसरा उपाय सुचला तो त्याने जास्त तपासून पाहिलाच नाही.

पुढच्या रविवारी शेजारच्या गावी बोलिंग सभागृहात संग्राहकांचा अदलाबदलीचा मेळावा होता. गेलॉर्ड झास्ट्रो नावाच्या लठ्ठ, मिठ्ठास माणसाच्या टेबलावर हेसलरचा तसाच डबा उभा होता. कुणाच्या तरी कोरड्या माळ्यावरून आलेला, लालभडक, सोनेरी अक्षरे शाबूत. नॉर्बर्टने तो हातात घेतला आणि खाली ठेवला नाही. झास्ट्रोने त्याच्याकडे बघून काय ते ओळखले आणि अस्वलाच्या चित्राचा आणि हिरव्या पट्ट्यांचा असे नॉर्बर्टच्या फळीवरचे सर्वांत दुर्मिळ दोन डबे मागितले. अकरा वर्षे पत्रे लिहून मिळवलेला तो अस्वलवाला डबा नॉर्बर्टने दुपारी घरून आणून दिला. घासाघीस केली नाही. झास्ट्रोलाच थोडे वाईट वाटले असावे. त्याने वर चार बिल्ले दिले.

शेवटच्या शुक्रवारी साडेचारला नॉर्बर्टने डेल्मरला त्याच्या बहिणीच्या घरून गाडीत घेतले. आम्लाने खाल्लेला डबा गाडीच्या डिकीत, पावाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला होता; तो टाकून देणे त्याच्याने झाले नव्हते. डेल्मरने वाटेत आर्डिसची चौकशी केली. पंधरा पावले, नॉर्बर्टने सांगितले. डेल्मर म्हणाला की आपण स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत जातो ती एकवीस होतात, तेव्हा बाई आपल्याला लवकरच मागे टाकणार.

गुत्त्यात ऊन तिरपे आले होते. लोरीनने त्यांच्या नेहमीच्या टेबलावर दोन छोटे ग्लास आणून ठेवले.

"एक गार बिअर, एक काळी," ती म्हणाली. "आणि मासे, बटाट्याची धिरडी, राय पाव. की आज तरी काही वेगळं मागून मला चक्कर आणणार आहात?"

"ह्याला विचार. मला कार्ड वाचता येत नाही," डेल्मर म्हणाला.

"वाचता येत होतं तेव्हा तरी काय मागवलंत?" असे म्हणून ती गेली.

नॉर्बर्टने पायमोजा टेबलावर ठेवला आणि सरकवला. डेल्मरने हात पुसले. प्रथम त्याने पायमोज्यासकट वजन पाहिले, मग डबा बाहेर काढला, खिडकीकडे तिरका धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

"अरे, तांबडा! हा तर पेटल्यासारखा दिसतोय. काय केलंस तू?"

"थोडा पुसला," नॉर्बर्ट म्हणाला.

त्याच वेळी डेल्मरचा अंगठा डब्याच्या खांद्याकडे गेला. बत्तीस वर्षे तो जिथे टेकत असे तिथे टेकला आणि घसरला. अंगठा शंकूभोवती एकदा फिरला, मग उलट फिरला. चेहऱ्यावरचा आनंद एकदम गेला नाही, हळूहळू ओसरला. त्याने डबा अलगद खाली ठेवला.

"हा आपला नाही."

नॉर्बर्टने आपला ग्लास बाजूला सरकवला.

"बदललास," डेल्मर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "चांगला मिळाला, जुना देऊन टाकलास. सगळेच करतात. मीही केलंय, दुसऱ्या डब्यांचं."

ह्या छंदाची ती रीतच होती. त्याच जातीचा जास्त चांगला डबा मिळाला की पहिला द्यायचा. त्यात कुणी कुणाला नावे ठेवत नाही. नॉर्बर्टसमोर तयार सबब येऊन पडली होती, आणि ती त्याने उचलली असती तर डेल्मरने मुकाट्याने मासे खाल्ले असते. पण डेल्मर आता टेबलावरचा रिकामा पायमोजा दोन्ही हातांनी नीट घडी घालत होता. ती घडी नॉर्बर्टला बघवली नाही.

"दिला नाही," तो म्हणाला. "गाडीत आहे. थांब."

तो बाहेर गेला, डिकी उघडली, पावाची पिशवी घेऊन आला. जाऊन यायला दोन मिनिटे पुरेशी होती; त्याला चार लागली. गुडघे दुखत होते. करडा डबा त्याने डेल्मरच्या हातात दिला आणि समोर बसला.

डेल्मरने तो खिडकीकडे धरला नाही. अंगठा थेट खांद्यावर नेला, पोच्यात बसवला. मग बोटे खाली उतरली. जिथे रंगाचा गुळगुळीतपणा असायचा तिथे खरखरीत पत्रा लागला.

"आम्ल?"

"हो."

"एकट्यानं?"

"हो. गंज तांबड्यावर चढत होता. तुला दिसावं म्हणून…" नॉर्बर्टने वाक्य तिथेच सोडले.

"किती तास?"

"एकोणीस."

"तू? एकोणीस?" डेल्मर थांबला. "कोणत्या दिवशी?"

"दहा तारखेला. गुरुवारी."

त्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता इस्पितळातून पहिला फोन नॉर्बर्टने डेल्मरलाच केला होता. डेल्मरच्या बोटांची हालचाल बंद झाली. लोरीन मासे घेऊन आली, ताटल्या ठेवल्या, टेबलावरचे दोन डबे आणि दोन चेहरे पाहिले आणि लिंबू आणायच्या निमित्ताने निघून गेली.

"तिला सांगू नकोस," डेल्मर म्हणाला.

"नाही."

"बोलण्याबोलण्यातही नको. तुला सवय आहे, सगळं नीट क्रमानं सांगायची."

"नाही सांगणार."

डेल्मरने धिरड्याचा तुकडा मोडला, सफरचंदाच्या गोड लगद्यात बुडवला आणि चावत राहिला. नवा डबा कितीला पडला, असे त्याने विचारले. नॉर्बर्टने सांगितले. अस्वल आणि हिरवे पट्टे, दोन्ही, हे ऐकून डेल्मरने हातातला काटा ताटलीत ठेवला.

"एकोणतीस वर्षं मला ऐकवलंस, आंधळ्यासारखा काटा मारला म्हणून," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, तोंडाला कुलूप. मला वाटलं, मी मेल्यात जमा झालो. आणि आता बघ, डोळे धड असून अस्वल देऊन आलास. कोण आंधळं, सांग."

नॉर्बर्टला हसू आले, आणि हसताना लक्षात आले की दोन आठवड्यांत ते पहिलेच होते. डोळे पुसायला त्याने कागदी रुमाल घेतला.

"तू आंधळाच," तो म्हणाला. "तेव्हाही होतास."

"हां," डेल्मर म्हणाला. "मीठ दे."

जेवण झाल्यावर डेल्मरने करडा डबा स्वतः पायमोज्यात घातला. पाळी त्याची होती. वर्षभर डबा त्याच्याकडे राहणार. पुढच्या वर्षी नॉर्बर्टकडे, आणि तो न्यायला विसरला तर बहिणीच्या हाती पाठवीन, असे त्याने बजावले. लालभडक डब्याचे काय करायचे, हा प्रश्न दोघांपुढे उरला. झास्ट्रो तो परत घेणार नव्हता. अदलाबदल झाली की झाली, हीही त्या छंदाची रीत. फळीवर ठेवायला दोघांनाही तो नको होता. नॉर्बर्टने तो पावाच्या पिशवीत घातला आणि डिकीत टाकला.

आर्डिसचे जेवण साडेपाचला येत असे, आणि ती एकटीने जेवायला बसत नसे. नॉर्बर्टने घड्याळ पाहिले आणि गाडी काढली. शेजारी डेल्मर पायमोजा मांडीवर घेऊन बसला होता. लोकरीवरूनच अंगठा पोच्यात बसवलेला होता, आणि पुलाच्या अलीकडेच त्याला डुलकी लागली. पहिल्या वळणावर डिकीतला डबा पिशवीतून निसटून घरंगळला आणि जॅकवर आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्या वळणावर तो परत आला आणि दुसऱ्या बाजूला आपटला. थांबून तो नीट लावून ठेवावा, असे नॉर्बर्टच्या मनात आले. तो थांबला नाही.