बिनवासाचं सोल्युशन

"हे काय दूध हाय का, ओमप्रकाश?" महादेवरावांनी डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावून टाकलं.

ते कपडा चिकटवायचं पांढरं सोल्युशन होतं, पाण्यातलं. कारंजा घाडगेच्या हायवेवर रेग्झिन, फोम आणि सोल्युशन विकणाऱ्या ओमप्रकाशने ते मुद्दाम त्यांच्यासाठी मागवून ठेवलं होतं. चाळीस वर्षं ट्रक-ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या माणसाला सोल्युशन समजावून सांगणं म्हणजे धाडसच, पण त्याने ते केलं. नेहमीच्या पिवळ्याला वास फार, बंद गाडीतून तो पंधरा-पंधरा दिवस जात नाही. पांढऱ्याला वासच नाही. मात्र ते वाळायला वेळ खातं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात छताचा कपडा धरून ठेवेल याची खात्री नाही.

"काकूसाठी हाय ना गाडी? मंग पांढरंच न्या, काकाजी."

महादेवरावांनी पिवळं नेलं. कारणं दोन होती, त्यांनी एकच सांगितलं. या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांची लोंबलेली छतं त्यांनी नीट करून दिली होती. आता स्वतःच्याच व्हॅनचं छत लोंबलं तर लोकांना तोंड काय दाखवायचं? दुसरं कारण असं की वास हा प्रकार त्यांच्या लेखी उरलाच नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की फोडणीचा वास येत नाही. सर्दी असेल म्हणून महिना काढला. मग दार लावून कापूर हुंगून पाहिला, रॉकेल हुंगून पाहिलं. काही नाही. इतक्या वर्षांच्या सोल्युशनने नाक खाऊन टाकलं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही, बायकोला तर नाहीच. उलट जेवायला बसले की "काय खमंग वास सुटला हाय" असं न चुकता म्हणायचे, कधीकधी भाजी चुलीवर चढायच्या आत.

बायको रुख्मिणीबाई. दोन वर्षांपासून त्यांची कंबर गेली होती आणि फुप्फुसंही. तासभर बसवत नसे, आडवंच व्हावं लागे. धूळ, धूर, उग्र वास यांपासून जपा, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांचं माहेर आष्टीकडे, भावाची संत्र्याची बाग. जानेवारी सरता सरता आंबिया बहार फुलतो आणि पंधरा-वीस दिवसांत गळूनही जातो. लग्न झाल्यापासून बहाराला माहेरी न्यायचं दरवर्षी ठरायचं, आणि दरवर्षी नेमक्या त्याच दिवसांत कुणाच्या तरी सीटा अर्जंट निघायच्या. यंदा त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट मागितलं होतं.

"औंदा मले फुलाईचा वास घेऊ द्या. पुढच्या साली कोण पाह्यलं?"

म्हणून महादेवरावांनी जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढल्या आणि झोपता येईल असा पलंग बसवला. मग छताला आणि बाजूंना आतून कपडा. पिवळं सोल्युशन पत्र्याला लावायचं, कपड्याला लावायचं आणि थांबायचं. बोटाची मागची बाजू टेकवून पाहायची. बोट चिकटेनासं झालं की मगच दोन्ही जोडायचं. नवशिका घाई करतो आणि फसतो. महादेवराव या थांबण्यात इतके मुरले होते, की घरात शिरण्यापूर्वीही उंबऱ्याशी क्षणभर उभे राहत.

चार दिवसांत गाडी तयार झाली. छत असं ताणून बसलं की त्यावर एक सुरकुती नव्हती. त्यांनी दारं उघडी टाकून दोन दिवस ऊन दिलं, आत डोकं घालून दीर्घ श्वास घेतला आणि वास गेला असं स्वतःच ठरवून टाकलं. दुकानाशेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या कुंताबाईला विचारलं असतं तर तिने तिच्या जागेवरूनच सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे नाकाचं सांगावं लागलं असतं.

निघाले त्या सकाळी रुख्मिणीबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. गाडीत आडव्या होताच त्यांनी पदर नाकाला लावला. महादेवरावांना वाटलं, थंडी असेल. छत कसं झालं, त्यांनी विचारलं. मस्त झालं, असं त्या म्हणाल्या. पाच-सात किलोमीटरवर खोकला सुरू झाला. महादेवराव खड्डे चुकवत, गाडी हळू घेत राहिले. आणखी थोडं पुढे गेल्यावर खोकला थांबला आणि त्यांना बरं वाटलं. मागे वळून पाहिलं तर ओठ काळेनिळे पडले होते.

गाडी थेट दवाखान्यात गेली. तीन दिवस ऑक्सिजनवर काढल्यावर रुख्मिणीबाई बोलू लागल्या. वास येत होता तर बोलली काऊन नाही, असं महादेवरावांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमी एवढ्या हौशीनं केलतं."

महादेवराव बाहेर पायरीवर येऊन बसले. आपल्या हाताने आपण हिला मारत होतो, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छत फाडून काढलं. पिवळं सोल्युशन सहजी सुटत नाही. दोन दिवस पत्तीने खरवडून पत्रा नागडा केला. ओमप्रकाशकडून पांढरा डबा आणला. ते वाळेपर्यंत कपडा धरून ठेवावा लागे, म्हणून त्याला खालून बांबूच्या काटक्यांचे टेकू दिले. पुन्हा दिवस मोजणं आलं, तिकडे फुलं गळत होती. टेकू काढले तेव्हा छताला मधोमध लाट आलेली होती. आयुष्यात इतकं वाईट काम त्यांनी केलं नव्हतं. ते तसंच ठेवून ते कुंताबाईकडे गेले.

"माह्यं नाक गेलं हाय कुंताबाई, अकरा सालं झाले. जरा गाडीत बसून पाह्यता का?"

कुंताबाई हातातली मेथीची जुडी खाली ठेवून उठली. गाडीत शिरली, दारं लावून घेतली आणि चांगली दहा मिनिटं बसली. बाहेर येऊन म्हणाली, "नव्या कपड्याचा वास येते. दुसरं काही नाई. न्या तिले."

ते पोचले तेव्हा बहार सरत आला होता. झाडांखाली पाकळ्यांचा सडा होता, फांद्यांवर कुठे कुठे फुलं. महादेवरावांनी गाडी उलटी बागेत घातली आणि मागचं दार वर उचललं. रुख्मिणीबाई डोळे मिटून पडून राहिल्या. छाती हळूहळू वरखाली होत होती, खोकला नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "येते का तुमाले?"

"येते ना. काय मस्त..."

"राहू द्या." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "दूध करपून घरभर धूर झालता, अन् तुमी बाजूले पेपर वाचत बसलते. तवाच समजलं मले."

अकरा वर्षं रोज केलेलं खमंग भाजीचं कौतुक महादेवरावांना एकदम आठवलं. मग रुख्मिणीबाईच फुलांचा वास सांगू लागल्या. गोड आहे, पण साखरेचा गोड नाही. आई डोक्याला तेल लावून द्यायची तेव्हा तिच्या हाताला असा यायचा. ते ऐकत राहिले. ऐकून वास येत नाही, पण त्यांना तो फार हवासा वाटला.

बोलता बोलता त्यांनी महादेवरावांचा हात ओढून नाकाशी नेला आणि थांबल्या.

"तुमच्या हाताले वास नाई आज. चाळीस सालं त्या वासानं समजे मले का तुमी आले म्हणून. डोळे मिटून असली तरी. आता कसं समजन?"

"मी आवाज देत जाईन," महादेवराव म्हणाले.

त्या दिवसापासून ते पांढरंच वापरू लागले, आणि दुकानातून परतताना फाटकातूनच "आलो वं" असा आवाज देऊ लागले. आतून हुंकार येई.

मे महिन्यात व्हॅनचं छत मधोमध सुटून लोंबलं. गिऱ्हाइकं हसली, पण त्यांनी ते पुन्हा चिकटवलं नाही. आषाढात रुख्मिणीबाई गेल्या.

महादेवराव अजून दुकानात जातात. संध्याकाळी परत आले की फाटकातून आवाज देतात, "आलो वं." मग उंबऱ्याशी थोडं थांबतात आणि आत जातात.