राजवाड्याचं बोलावणं

कपातल्या चहावर बारीक लहरी उठत होत्या. कडेकडून निघून त्या मधोमध मिळत होत्या, आणि रस्त्यावर तर एकही गाडी वाजत नव्हती. लेटिसने खाली वाकून पाहिलं. नवऱ्याचा गुडघा टेबलाच्या पायाला टेकून थरथरत होता.

"सांग ना," ॲम्ब्रोज म्हणाला. "भाऊ तुझा आहे."

काल जुन्या मंत्र्यांनी एकजात राजीनामे दिले होते. राजाने मर्जीतल्या दोन सरदारांना नवं सरकार बनवायला सांगितलं, पण त्यांना माणसं मिळेनात. ॲम्ब्रोजला खजिन्यातलं पद देऊ केलं होतं. आज राजवाड्यात जाऊन राजाच्या हाताचं चुंबन घेतलं की पद त्याचं. मात्र पद घेतलं की पार्लमेंटातली जागा सुटते, पुन्हा निवडून यावं लागतं, आणि त्याचा मतदारसंघ जुन्या मंत्र्यांच्या मुठीत होता.

लेटिसचा भाऊ जर्वेस बंडखोरांच्या फौजेत लढताना पकडला गेला होता आणि त्याला फाशी ठरली होती. फाशी माफ करणं राजाच्या हातात, पण राजाच्या कानावर घालणार मंत्रीच. नाही म्हणावं तर राजा डूख धरणार. हो म्हणावं आणि हे सरकार कोसळलं, तर परत आलेले मंत्री जर्वेसचं नावही ऐकून घेणार नाहीत. कालपासून लेटिस गप्प होती. बोलायला गेलं की डोळ्यांपुढे भावाची मान येई.

ॲम्ब्रोजचा चुलतभाऊ जॉस्लिन बूट आपटत आत आला.

"वहिनी, चहा उरलाय का? म्हणे माणसांना खुर्चीत बसवून खांद्यावरून नेणारे भोई राजवाड्याचं भाडं आधीच मागून घेतात. गिऱ्हाईक अर्ध्या वाटेत विचार बदलून उतरतं."

त्याने स्वतःच कप भरून घेतला.

"आणि हे महाशय अजून बोडकेच? विग तरी चढव रे, मंत्री व्हायचंय ना?"

"गप बस," ॲम्ब्रोज म्हणाला.

लेटिस खिडकीशी गेली. समोर सर एव्हरार्डांच्या दारात कोळशाची गाडी उभी होती. राजीनामा देणाऱ्यांत तेही होते.

"भावजी, ते घर त्यांना पदामुळेच मिळालंय ना?"

"हो. आता सोडावं लागेल."

"मग तळघर का भरून घेतायत?"

जॉस्लिन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "कोळसा आधीच सांगून ठेवला असेल," तो म्हणाला.

असेलही. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. ती बघत राहिली. गाडीवाल्याने रिकामी पोती गोळा केली. तेवढ्यात सर एव्हरार्डांची बायको शाल सावरत बाहेर आली, तळघरात डोकावली आणि हाताने खूण करून तिने आणखी पोती उतरवायला लावली.

मागे ॲम्ब्रोज उठला होता. तो कोटाची बटणं लावत होता.

"लेटिस, निघायला हवं."

चुकलं तर जर्वेस जाणार, आणि आधार काय, तर शेजारणीने घेतलेला कोळसा. तिने खिडकीची चौकट घट्ट धरली.

"तुम्ही जाऊ नका," ती म्हणाली. "समोरचे घर सोडणार नाहीत. जुने मंत्री परत येतायत."